कानबाईपूर्वीची रंगरंगोटी आणि भिंतीवरची बुरशी : घरात रांगते बाळ असताना काय करावे?

भुसावळकरीण (धागाकर्ती)

नमस्कार. आमचे घर भुसावळला आहे, तळमजला अधिक एक, सासऱ्यांनी १९९४ साली बांधलेले. वरच्या मजल्यावरची पश्चिमेकडची खोली आमची असून तिथेच आमची चार वर्षांची मुलगी आणि अकरा महिन्यांचा मुलगा झोपतात. गेल्या आठवड्यात सलग चार दिवस पाऊस लागला तेव्हा खोलीत कुबट वास येऊ लागला. उंदीर मेला असावा या समजुतीने आम्ही कपाट पुढे ओढले, तर मागच्या भिंतीवर कुणी मूठभर मोहरी फेकून मारावी तसे काळे ठिपके पसरलेले दिसले. ठिपक्यांचा भाग साधारण दोन फूट रुंद आणि अडीच फूट उंच आहे, खिडकीच्या खालून सुरू होतो, आणि त्याच्या कडेने रंगाचे पोपडे सुटले आहेत. आम्ही दोघे मोठी माणसे त्याकडे पाहत उभे असताना धाकटा रांगत तिथे पोहोचला आणि त्याने एक पोपडा सोलून तोंडात घातला. मी बोट घालून तो काढला, पण ओठावरचा पांढरा चुरा डोळ्यांपुढून जात नाही.

कानबाई, म्हणजे आमच्या खानदेशातला श्रावणातला देवीचा उत्सव, तीन आठवड्यांवर आली आहे. दरवर्षीप्रमाणे घराला रंग लागायचाच, त्यामुळे सासूबाईंनी रंगारी बोलावला, आणि तो म्हणतो की घासून, पुट्टी भरून, डिस्टेंपरचे दोन हात मारले की काही दिसणार नाही. माझे मन त्याला तयार नाही. शिवाय नणंदेने फोनवर ‘काळी बुरशी’ हा शब्द उच्चारल्यापासून घरात सगळ्यांचीच झोप उडाली आहे. माझे प्रश्न दोनच आहेत. हा रंग आत्ता द्यावा का? आणि ही बुरशी काढताना मुलांना नेमके कशापासून जपावे?

एरंडोलचा बोका

१९२८ साली फ्लेमिंग साहेबांच्या काचेच्या बशीत अशीच बुरशी उगवली आणि १९४५ साली त्यांना नोबेल मिळाले. आपण कपाट पुन्हा भिंतीला लावून सतरा वर्षे वाट पाहावी, असे मी सुचवणार होतो, पण बाळाने पोपडा खाल्ल्याचे वाचले आणि थट्टा गळ्यातच राहिली. जाणकारांनी लवकर लिहावे.

ओव्याची धुरी

बाई, इतके घाबरून जाऊ नकोस. आम्ही पारोळ्याला मातीच्या घरात चार लेकरे वाढवली. पावसाळ्यात भिंतींना ओल येतच असे, आणि आम्ही संध्याकाळी शेगडीत निखारे घालून त्यावर ओवा, लसणाची साले आणि कापूर टाकून खोलीभर धुरी फिरवत असू. वास जात असे आणि लेकरांची सर्दीही हटत असे. कपड्यांच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकाव्यात. भिंतीला मात्र चुनाच हवा. डिस्टेंपरचे हे लाड आमच्या वेळी नव्हते.

गिरणाथडीचा डॉक्टर

मी बालरोगतज्ज्ञ आहे. या धाग्यातील बाळाला मी तपासलेले नाही, म्हणून हे सर्वसाधारण सांगणे समजावे.

सर्वप्रथम ‘काळी बुरशी’ या शब्दाविषयी. २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर आपल्याकडे ज्या म्युकरमायकोसिसने हाहाकार केला, त्याचा आणि कपाटामागच्या काळ्या ठिपक्यांचा संबंध जोडू नये. त्या रोगात बुरशीने रक्तपुरवठा तोडलेला शरीराचा भाग मरून काळा पडतो, म्हणून ते नाव पडले. तो प्रामुख्याने अनियंत्रित मधुमेह, स्टेरॉइडचे मोठे डोस किंवा अतिशय क्षीण प्रतिकारशक्ती असलेल्या रुग्णांना गाठतो. भिंतीवरच्या बुरशीचा रंग पाहून ती किती घातक आहे हे ठरवता येत नाही. अमेरिकेत क्लीव्हलँड येथे १९९३-९४ च्या सुमारास काही तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला आणि स्टॅकिबॉट्रिस नावाच्या काळ्या बुरशीवर संशय गेला. पुढे २००० साली तिथल्याच रोगनियंत्रण केंद्राने पुरावा फेरतपासून तो संबंध सिद्ध होत नसल्याचे सांगितले, पण भीती मात्र तेव्हापासून जगभर फिरते आहे.

याचा अर्थ दुर्लक्ष करावे असा मुळीच नाही. ओलसर, बुरशीच्या घरात राहणाऱ्या मुलांमध्ये खोकला, छातीत घरघर आणि दमा बळावण्याचे प्रमाण अधिक आढळते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल व बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शिकाच काढली. इंग्लंडमधील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये एक दोन वर्षांचे बालक दगावले, आणि घरातील बुरशीशी दीर्घकाळ आलेल्या संपर्कातून श्वसनविकार बळावल्याने हा मृत्यू झाला, असा निष्कर्ष तिथल्या अधिकृत चौकशीत २०२२ साली निघाला. त्या कुटुंबालाही आधी ‘बुरशीवर रंग मारून घ्या’ असेच सांगण्यात आले होते. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी तरी तिथेच शोधेन.

आता धुरीबद्दल, काकूंची क्षमा मागून. मिनिटाला १२ ते २० श्वास घेणाऱ्या मोठ्या माणसाच्या शेजारी ३० ते ५० श्वास घेणारे बाळ त्याच धुरात असते, आणि आधीच चिडलेल्या श्वासनलिकांना तो धूर आणखी चिडवतो. वास झाकला जातो, बुरशी मात्र जागेवरच राहते. कापूर रांगत्या मुलाच्या हाती लागून पोटात गेला तर झटके येऊ शकतात. डांबराच्या गोळ्यांचे तर मी हात जोडून सांगतो, की ज्या बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी हे विकर जन्मतः कमी असते, त्यांना या गोळ्यांसोबत ठेवलेल्या कपड्यांच्या नुसत्या वासानेही तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते.

आणि तो पोपडा. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर, म्हणजे लहान मुलांना घातक असलेल्या धातूवर, ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारा नियम २०१६ साली निघाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमची भिंत १९९४ ची आहे. जुन्या थरांत, विशेषतः खिडकीच्या चौकटीवरच्या तेलरंगात, शिसे असू शकते. एका पोपड्याने घाबरण्याचे कारण नाही, परंतु पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांना हे अवश्य सांगा. रक्तातील शिशाची तपासणी करायची की नाही ते ठरवतील. रंगाऱ्याला ती भिंत कोरड्या पॉलिश पेपरने घासू देऊ नका.

जळगावचा उन्हाळा

मला हे सगळे अति वाटते. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, पंखा गरम वारा फेकतो, लाकूड तडकते. तिथे कोणती बुरशी टिकणार? कोकणातल्या लोकांनी हा धागा काढला असता तर समजलो असतो. दिवाळीपर्यंत थांबा, आपोआप वाळेल.

कोब्याचा अभियंता

जळगावचा उन्हाळा यांना एवढेच विचारतो की मागच्या आषाढात आलेला डाग यंदाच्या आषाढात बरोबर त्याच जागी का येतो. बुरशी उन्हाने सुकते, पण तिचे बीजाणू पोपड्यांत आणि कपाटाच्या पाठीच्या प्लायमध्ये पडून राहतात, ओल मिळाली की पुन्हा धरतात. दिवाळीपर्यंतचे तीन महिने ते बाळ तिथेच झोपणार आहे, हेही लक्षात घ्यावे.

मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला स्थापत्य अभियंता आहे, आणि माझ्या आजीने अहिराणीत एका रंगाऱ्याला सुनावलेले वाक्य मला चाळीस वर्षे पुरले आहे : “पहिले पानी कोठून ई ऱ्हायनं ते देख, मंग रंग दे.” ताई, तुमची भिंत पश्चिमेची, म्हणजे पावसाचा मारा तिच्यावरच. ठिपके खिडकीच्या खाली सुरू होतात आणि छताच्या कोपऱ्यात काही नाही, यावरून मला गच्चीच्या कोब्यापेक्षा खिडकीचा संशय येतो. एक प्रश्न विचारतो : त्या खिडकीत कूलर आहे का?

त्याआधी दोन सोप्या परीक्षा घरीच करून पाहा. पोपड्याच्या कडेला पांढरी, कापसासारखी पूड असेल तर तिच्यावर पाणी शिंपडा. विरघळून नाहीशी झाली तर तो लोणा, म्हणजे भिंतीतले क्षार. तो बुरशी नव्हे, पण भिंतीतून पाणी झिरपते आहे याची ती साक्ष असते. दुसरी परीक्षा म्हणजे डागाच्या शेजारी कोरड्या दिसणाऱ्या भागावर हातभर जाड प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक-दोन दिवस ठेवायचे. थेंब खोलीच्या बाजूने साचले तर ओल घरातल्या दमट हवेची, आणि भिंतीच्या बाजूने साचले तर पाणी भिंतीतून येते आहे.

भुसावळकरीण

अभियंता काका, कूलर आहे. मेमध्ये बसवलेला मोठा लोखंडी कूलर अजून तिथेच आहे, कारण तो खाली उतरवायला तीन माणसे लागतात आणि ती एकत्र सापडत नाहीत. जूनच्या उकाड्यात आम्ही तो रात्री चालवतही होतो. प्लास्टिक आजच लावते. डॉक्टर, शिशाचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. मुलांना आजपासून खालच्या मजल्यावर सासूबाईंच्या खोलीत झोपवते.

पिंजाऱ्याचा नातू

गाद्यांकडे कुणी पाहिले का? आमच्या धुळ्याच्या घरात भिंत पुसून झाली, रंगही झाला, तरी मुलीचा खोकला हटेना. शेवटी दिवाणाखाली ठेवलेली कापसाची जास्तीची गादी उलटली, तर तिच्या खालच्या अंगाला हिरवट-राखाडी मखमल उगवली होती. आजोबा पिंजारी असल्यामुळे कापूस टाकायचा म्हणजे माझ्या जिवावर आले. वाटले की ऊन दाखवू, पुन्हा पिंजून घेऊ. वडिलांनी स्पष्ट सांगितले की बुरशी लागलेला कापूस पिंजला तर ती पिंजणाऱ्याच्या छातीत जाते. गादी मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बाहेर काढली आणि टाकून दिली. गोधड्या मात्र वाचल्या, कारण त्या कढत पाण्यात धुऊन उन्हात कडक वाळवता येतात.

रसायनवाला मास्तर

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून ही कबुली देताना लाज वाटते. चार वर्षांपूर्वी न्हाणीघरातील बुरशी काढण्यासाठी मी भिंतीवर ब्लीच ओतले, डाग पूर्ण गेला नाही म्हणून वरून संडास साफ करण्याचे ॲसिड ओतले, आणि दार आतून लोटून घासायला बसलो. सोडियम हायपोक्लोराइट अधिक हायड्रोक्लोरिक आम्ल बरोबर क्लोरीन वायू, हे समीकरण मी वर्गात पंधरा वर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो. डोळ्यांतून धारा लागल्या, छातीत कुणी चिंधी कोंबल्यासारखे झाले, आणि रात्रभर बसून काढावी लागली. दाराबाहेर माझा तीन वर्षांचा पुतण्या खेळत होता, एवढे आठवले तरी हात थरथरतात.

त्यामुळे ब्लीचमध्ये ॲसिड नको, व्हिनेगर नको, अमोनिया असलेला काच पुसण्याचा द्रव नको, काहीही नको. फरशी शहाबादी असेल तर तिच्यावर व्हिनेगर सांडू देऊ नका. तो चुनखडीचाच दगड असल्यामुळे आम्लाने त्याची झिलई जाते.

सातपुडा पायथा

मास्तरांनी ब्लीचचे धोके सांगितले, परंतु ब्लीच वापरावे की नाही हे सांगितले नाही. आमच्या यावलच्या घरी दरवर्षी ब्लीच मारतो, डाग पांढरा होतो, आणि दीड महिन्यात पुन्हा काळा. हे कसे?

रसायनवाला मास्तर

प्रश्न रास्त आहे. टाइल, काच, स्टील अशा न शोषणाऱ्या पृष्ठभागावर ब्लीच काम करते, तेही एका भागास सोळा भाग पाणी याहून तीव्र नको. प्लास्टर मात्र शोषक असते. ब्लीचमधले क्लोरीन वरच्यावर संपते, पाणी आत मुरते, आणि आत शिरलेल्या बुरशीच्या तंतूंना आपण उलट पाणी पाजतो. डाग पांढरा झाला म्हणजे बुरशी गेली असे नाही, तिचा रंग गेला. शिवाय मेलेले बीजाणूही ॲलर्जी देऊ शकतात, म्हणून मारण्यापेक्षा पुसून, खरवडून घराबाहेर काढणे महत्त्वाचे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचाही सल्ला असाच आहे की नेहमीच्या साफसफाईला ब्लीच नको, कठीण पृष्ठभागाला साबणाचे पाणी आणि घासणे पुरते. सुमारे दहा चौरस फुटांपर्यंतचा भाग घरच्या माणसाने काढण्यास हरकत नाही, असेही ती संस्था म्हणते. ताईंचा डाग पाच चौरस फुटांचा आहे.

ओव्याची धुरी

डॉक्टरांचे वाचले. धुरीचे मला पटायला वेळ लागेल, पण डांबराच्या गोळ्या सुनेला फोन करून काढायला सांगितल्या. चुन्याबद्दल मात्र कुणीच काही बोलले नाही.

कोब्याचा अभियंता

चुन्याबाबत तुम्ही अगदी बरोबर आहात, वहिनी. चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहज धरत नाही, आणि चुन्याचा थर भिंतीतली ओल बाहेर सोडतो. डिस्टेंपरमधले चिकट सेंद्रिय द्रव्य म्हणजे बुरशीला वाढलेले ताटच, आणि प्लास्टिक रंग ओली भिंत पिशवीत कोंडल्यासारखी कोंडतो, मग फुगे येतात. फक्त ताजा चुना डोळ्यांत गेला तर इजा करतो, त्यामुळे तो देताना आणि वाळेपर्यंत लेकरे त्या खोलीत नकोत.

एरंडोलचा बोका

काकू आणि अभियंता एका मुद्द्यावर एक झाले. हा दिवस कानबाईच्या आधीच आला.

तापीकाठची

थोडे निराळे लिहिते. सगळीकडे वाचायला मिळते की घरातली आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली ठेवा. मी हौसेने आर्द्रता मोजण्याचे छोटे यंत्र घेतले. श्रावणात खिडक्या उघडल्या तर बाहेरचेच ऐंशी टक्के आत येतात आणि बंद केल्या तर स्वयंपाकाची वाफ कोंडते. तेव्हा हा साठाचा आकडा आपल्याकडे पावसाळ्यात पाळायचा तरी कसा?

रसायनवाला मास्तर

आकड्यामागे धावू नका, घरात आपण स्वतः सोडत असलेले पाणी मोजा. स्वयंपाकाचा एक किलो गॅस जळतो तेव्हा दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ तयार होते, म्हणजे १४.२ किलोचे एक सिलिंडर संपेपर्यंत सुमारे २२ लिटर पाणी, जवळजवळ दीड हंडा, आपण हवेत सोडलेले असते. त्यात बाळाचे लंगोट आणि दुपटी दोरीवर खोलीतच वाळत असतील तर ते पाणी निराळे. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात हवा बाहेर फेकणारा पंखा लावा, कपडे झाकलेल्या गॅलरीत किंवा जिन्यात वाळवा, आणि पाऊस उघडल्यावर दुपारी समोरासमोरच्या खिडक्या उघडून वारा खेळू द्या. वातानुकूलन यंत्र असेल तर त्यातली ओल शोषण्याची सोय वापरा. कूलर मात्र पाऊस सुरू झाल्यावर अजिबात लावू नये, कारण तो मुळात हवेत पाणी मिसळण्याचेच यंत्र आहे. ओल्या हवेत तो गारही करत नाही.

केळीवाला रावेर

विषयाच्या कडेचे आहे, पण घरात लहान मुले आहेत म्हणून लिहितो. भिंतीच्या बुरशीला आपण एवढे भितो आणि डब्यातल्या शेंगदाण्यांवरची हिरवी बुरशी फुंकर मारून खातो. शेंगदाणे आणि मका यांवर येणाऱ्या ॲस्परजिलस फ्लेवस या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष भाजून किंवा शिजवूनही पुरते जात नाही, आणि ते यकृतावर घाला घालते. १९७४ साली आपल्या शेजारी गुजरात आणि राजस्थानच्या आदिवासी पट्ट्यात पावसाने भिजलेला, बुरशीचा मका खाल्ल्याने शंभरावर माणसे दगावली होती. कडवट किंवा काळा पडलेला दाणा मुलाच्या लाडवात कुटू नका. बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, डब्यात ओल शिरली असेल तर वरचा थर काढून खालचे तळू नका. एवढेच, आता भिंतीकडे परत वळा.

भुसावळकरीण

प्लास्टिकचा निकाल आला. छत्तीस तासांनी पाहिले तर थेंब भिंतीच्या बाजूने होते, आणि कडेची पांढरी पूड पाण्यात विरघळली. मग आमच्यांनी आणि शेजारच्या दोन मुलांनी मिळून कूलर उतरवला. स्टँडचा लोखंडी अँगल बसवण्यासाठी बाहेरच्या भिंतीत पाडलेली दोन भोके उघडीच होती, करंगळी जाईल एवढी, आणि कूलरच्या मागच्या पत्र्यावरून ओघळणारे पावसाचे पाणी थेट त्यांत जात होते. गवताचे पॅड हात लावताच चिखलासारखे निखळले. टाकीत तळाशी चार बोटे पाणी आणि त्यात वळवळणाऱ्या डासांच्या अळ्या होत्या. तीन महिने आम्ही डासांसाठी मच्छरदाणी लावत होतो आणि डास पाळतही आम्हीच होतो.

रविवारी दोन्ही मुलांना वरणगावला आत्याकडे पाठवून भिंत काढायचे ठरले आहे. क्रम चुकू नये म्हणून विचारते.

कोब्याचा अभियंता

भोके आधी बाहेरून सिमेंटने बुजवा, पाऊस दोन तास जरी उघडला तरी चालेल, हे काम लगेच आटोपते. मग आतले. पंखा बंद, खोलीचे दार बंद आणि त्याच्या फटीत ओला टॉवेल, खिडकी उघडी. काम करणाऱ्याने एन-९५ मास्क, रबरी हातमोजे आणि बाजूने बंद असलेला चष्मा घालावा. ज्याला दमा आहे त्याने हे काम करू नये. कपाटातले कपडे आणि खेळणी आधीच बाहेर काढा. जमिनीवर जुने प्लास्टिक अंथरून भिंतीवर साबणाचे पाणी फवाऱ्याने मारा, आणि भिंत ओली असतानाच पोपडे रंगाऱ्याच्या लोखंडी पत्रीने खरवडा. कोरडे खरवडले तर बीजाणूही उडतात आणि डॉक्टरांनी सांगितलेली शिशाची धूळही. सुटलेले प्लास्टर ठणठणीत भाग लागेपर्यंत काढा. चिंध्या आणि खरवड अंथरलेल्या प्लास्टिकमध्येच गुंडाळून बाहेर न्या, झाडू मारू नका, फरशी दोनदा ओल्या फडक्याने पुसा. त्यानंतर पंखा लावून भिंत वाळू द्या. कपाटाची पाठ फुगली असेल तर ती फळी बदला, आणि परत लावताना भिंतीपासून तीन-चार बोटे अंतर ठेवा.

रंग मात्र आत्ता नको. उघडे प्लास्टर दिसले तर दिसू द्या. ही भिंत मार्गशीर्षात हाताला कोरडी लागली की मग चुना द्या.

गिरणाथडीचा डॉक्टर

दोन गोष्टी जोडतो. काम करणाऱ्याने अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय मुलांना उचलून घेऊ नये. आणि भिंत वाळून कुबट वास पूर्ण जाईपर्यंत मुलांना त्या खोलीत झोपवू नये, मग त्याला चार दिवस लागोत की महिना. दरम्यान मुलाला खोकला झाला तर शांत झोपेत त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. अकरा महिन्यांच्या बाळाचे ५० किंवा अधिक, आणि वर्षाच्या पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडला, किंवा बाळ अंगावर पिईनासे झाले, तर घरगुती उपाय न करता तडक दवाखाना गाठावा. मुलीला रात्री किंवा पहाटे वारंवार खोकला आणि घरघर होत असेल तर तेही सांगा; तो दमा असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

जळगावचा उन्हाळा

माझे म्हणणे मागे घेतो. काल सहज आमच्या कूलरमागचा पडदा बाजूला केला.

एरंडोलचा बोका

आणि?

जळगावचा उन्हाळा

मोहरी.

भुसावळकरीण

काम झाले, उशिरा कळवते आहे. सकाळी साडेनऊला सुरू केले आणि संपायला चार वाजले. खरवडताना रंगाचे पाच थर निघाले : पांढरा, पिस्ता, फिकट गुलाबी, पुन्हा पांढरा, आणि सगळ्यांत खाली सासऱ्यांनी पहिल्या वर्षी दिलेला निळा चुना, जो एकटाच भिंतीला घट्ट धरून होता. सासूबाईंनी त्या निळ्यावर बोट फिरवून पाहिले आणि रंगाऱ्याला स्वतः फोन करून वरच्या खोलीचे काम दिवाळीनंतर सांगितले. कानबाई खालच्या पुढच्या खोलीत बसणार, तिथली भिंत कोरडी असल्याने तिथे रंग लागतो आहे, आणि तो वाळून वास जाईपर्यंत मुले वरणगावलाच राहतील.

कपाटाची पाठ टाकून दिली. गादी उलटून पाहिली, ती चांगली निघाली. बालरोगतज्ज्ञांनी शिशाची तपासणी करायला सांगितली आहे, रक्त दिले असून अहवाल यायचा आहे. तापीकाठची यांचे पाहून मीही आर्द्रता मोजण्याचे यंत्र आणले. काल रात्री त्यात ७४ दिसत होते, आज दुपारी पंखा आणि दोन्ही खिडक्या उघड्या ठेवल्यावर ६६. खरवडलेला भाग अजून हाताला गार लागतो.

कोब्याचा अभियंता

गार लागतो आहे तोवर ओल आहे. पंखा चालू ठेवा, आणि पुढच्या जोरदार पावसानंतर बुजवलेल्या भोकांच्या आतल्या बाजूला पुन्हा प्लास्टिक लावून पाहा. कूलर पुढच्या मेमध्ये चढवाल तेव्हा स्टँड भिंतीत न ठोकता जमिनीवरून उभा करून घ्या.